गव्हाणच्या मैदानावर फलाट क्रमांक चार

पनवेल,
शनिवार, दुपारची झोप टाळून

तीर्थरूप गोदूअक्काच्या चरणी धाकट्या विठूचा साष्टांग दंडवत.

(साष्टांग लिहिलं खरं, पण गुडघा अजून पुरता वाकत नाही. वाकतो तेवढा नमस्कार आत्ता घे, उरलेला समोरासमोर घालीन.) तुझी कंबर कशी आहे? तुझा रमेश गोळ्या वेळेवर आणून देतो ना? आणि देत असला तरी तू त्या घेतेस, की देवघरातल्या डबीत साठवून ठेवतेस? सूनबाईंना आशीर्वाद. आम्ही इथे सगळे खुशाल. आमचा कुंदन जासईच्या कंटेनर डेपोत सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो, सून निशा माझ्या औषधांवर आणि चहातल्या साखरेवर सारखंच लक्ष ठेवून असते.

फोन असताना पत्र कशाला, असं तू आता रमेशला विचारशील. अक्का, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "पाडव्याला येतोस ना?" एवढं विचारतेस आणि बिल वाढेल म्हणून उत्तराच्या आत फोन ठेवून देतेस. (बिल तसं वाढत नाही हे कुंदननं तुला दिवाळीतच समजावलं होतं.) निघताना मी शब्द दिला होता, पाडव्यापर्यंत इथे जीव रमला नाही तर गाठोडं उचलून कायमचा उमरग्याला परत. त्या शब्दावर विसंबून तू माझी माडीवरची खोली रंगवून घेतलीस आणि करडईची पोती जिन्याखाली हलवलीस, हे रमेशनं मला सांगितलं आहे. तेव्हा उत्तर देणं भाग आहे आणि ते देणार आहे. पण जन्मभर एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढला आहे मी. गाडी आधी फलाटाला लागते, मग सुटते. जरा दम धर.

पहिले काही महिने माझे फार वाईट गेले, ते तुला कळू दिलं नाही एवढंच. कुंदनचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. घर छान, हवा छान, फक्त बोलायला माणूस नाही. दोघं कामावर गेली की भिंती आणि मी. शेजारी सज्जन आहेत, म्हणजे दार लावून घेतात. संबंध इमारतीत एकच बाई माझ्याशी बोलायची, ती लिफ्टमधली, यंत्रातली. कितवा मजला आला ते ती इंग्रजीत सांगते आणि दार उघडतं. अक्का, ज्या माणसाच्या आवाजानं उमरग्याचं अख्खं स्टँड उठायचं आणि बसायचं, त्यानं एका यंत्राच्या घोषणेवर चढायचं आणि उतरायचं! एकदा मी तिला मराठीत पुढचा थांबा सांगत होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि समोर निशा उभी. त्याच संध्याकाळी कुंदन मला फिरायला घेऊन गेला आणि डॉक्टरांविषयी उगाच बोलत राहिला.

त्यानंतर मी रोज पनवेलच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागलो. कुठे जायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. तिथे माइकवर मनिषा नावाची मुलगी असते. आवाज खणखणीत, फक्त 'मार्गे' म्हणताना श्वास लवकर सोडायची. मी खिडकीशी जाऊन तिला तसं सांगितलं. (कुणी विचारलं नव्हतं. पण जाणकारानं गप्प बसणं मला बरं दिसत नाही.) पोरगी गुणी, तिनं ऐकलं, आता 'मार्गे' असं म्हणते की रस्ता डोळ्यांपुढे उभा राहतो.

तर एका रविवारी तिथे एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, गळ्यात दाव्याएवढी सोन्याची साखळी, आणि चेहऱ्यावर लग्नघरात भटजी न आल्यावर असतो तसा भाव. मला म्हणाले, "पाव्हनं, पेनची गारी आली काय वो?" अक्का, इतक्या महिन्यांत माझ्याकडे कुणीतरी गाडीची चौकशी केली! मी उठून उभा राहिलो. कसं झालं कळलं नाही, पण नुसत्या गळ्यानं, माइकविना, पेणहून येणारी गाडी कोणत्या फलाटावर येऊन गेली, तिच्यातून कोण उतरलं आणि पुढची कधी अपेक्षित आहे, ते मी 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे'पासून 'धन्यवाद'पर्यंत सांगितलं. आपटा गावाच्या गाडीकडे निघालेली माणसं थांबली. एक कुत्रं उठून बसलं. त्या गृहस्थांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्यांचं नाव काशिराम, गाव गव्हाण. त्या दिवशी गावात क्रिकेटचे सामने होते आणि सामन्यांचं वर्णन करणारा माणूस पेणहून यायचा तो आलाच नव्हता. "तुमी बोला, आमी आयकतो," एवढं म्हणून त्यांनी मला जीपमध्ये घातलं.

इथल्या गावांत क्रिकेट म्हणजे जत्रा समज. मांडव, कर्णे, बक्षिसाला मोटारसायकल, आणि माइकवर बोलणाऱ्याला नवरदेवाचा मान. आता तुला ठाऊकच आहे, आपल्या घराण्यात कबड्डीपलीकडे कुणी गेलं नाही. चेंडू कुणी टाकायचा आणि कुणी मारायचा एवढं मला माहीत, मधलं सगळं धूसर. पण माइक हातात आला आणि मी म्हणालो, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." सगळं मैदान हसलं. मग मी जे येत होतं तेच केलं. हृतिक नावाचा त्यांचा फलंदाज आहे, त्यानं चेंडू हाणला तसं मी सांगितलं की हृतिकच्या बॅटीवरून सुटलेला चेंडू नारळाच्या झाडामार्गे विनाथांबा फलाट क्रमांक चारकडे रवाना होत आहे, वाटेतील क्षेत्ररक्षकांनी हात दाखवू नये. (फलाट चार म्हणजे मैदानाची सीमा.) सहा धावा झाल्या की जलद गाडी, एक धाव म्हणजे साधी. कुणी बाद झाला की सदर फेरी रद्द करण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अक्का, लोक मांडवाच्या खांबांवर चढून ऐकत होते! बाया घरातली कामं टाकून बांधावर आल्या. मला आता मैदानभर 'कंट्रोलर' म्हणतात, आणि ते ऐकून मला निवृत्त झाल्याचाच विसर पडतो.

घोटाळा उपांत्य सामन्यात झाला आणि तो मी केला. गव्हाण विरुद्ध जासई, शेवटची षटकं, श्वास रोखलेला. हृतिकनं मारलेला चेंडू जुन्या मिठागराच्या चिखलात गेला आणि सापडेना. पंच शोधू लागले. आता उशीर झाला की सवयीनं जे तोंडातून येतं तेच आलं. काही अपरिहार्य कारणास्तव सामना सुमारे अर्धा तास उशिरा सुटेल, तोवर प्रवाशांनी अल्पोपाहार घेण्यास हरकत नाही. झालं! सगळं मैदान उठलं. प्रेक्षक उठले, दोन्ही संघ उठले, आणि मांडवामागे कोलंबीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरीवर तुटून पडले. तेवढ्यात पंच हातात चेंडू घेऊन आले, तर मैदानात नुसत्या यष्ट्याच. काशिराम डोक्याला हात लावून बसले. मी घाम पुसला आणि माइक घेतला. सामना सुटण्याच्या तयारीत आहे, प्रवाशांनी त्वरित आपापल्या जागा घ्याव्यात. मग जे धावले सगळे! कुणाच्या हातात भाकरी, कुणाच्या हातात थाळी, एकाच्या खिशात लिंबू. गाडी हलली की माणूस कसा धावतो ते मी आयुष्यभर पाहिलं आहे, पण एकदम अख्खं गाव धावताना त्या दिवशीच पाहिलं.

व्हायचं तेच झालं. हृतिकच्या हाताला रस्सा, बॅट निसटून पंचांच्या पायाशी आणि चेंडू दांडीवर. गव्हाण हरलं. मी माइक खाली ठेवला आणि चपला शोधू लागलो. खरं सांगतो अक्का, त्या घटकेला मला तुझी माडीवरची खोली दिसत होती. म्हटलं, संपलं इथलं, आता पाडव्याची वाट बघायचीसुद्धा गरज नाही. तर काशिराम चालत आले, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "हारलो तं हारलो. पन तुमचे एका आवाजान गाव जेवला न् गाव धावला. असा मानूस आमचेकडं नाय. जाताव कुठं?" त्यांची मंडळी सोनाबाई थाळी घेऊन मागे उभ्याच होत्या. मी माळकरी हे त्यांना आदल्या सामन्यालाच कळलं होतं, तेव्हा माझ्यासाठी वालाची उसळ वेगळी होती. मी जेवलो आणि जेवताना डोळ्यांत पाणी आलं. (उसळीत मिरची होती, पण तेवढी नव्हती.)

तेव्हापासून माझे दिवस भरलेले आहेत. थंडीत त्यांनी शेतात पोपटी लावली, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून ते उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ पेटवायचा. त्यांच्या मडक्यात कोंबडी असते म्हणून सोनाबाई माझ्यासाठी छोटं मडकं वेगळं लावतात आणि घोटाळा नको म्हणून त्याला लाल दोरा बांधतात. शेंगा सोलताना मला आपल्याकडच्या हुरड्याची आठवण येते, आणि विशेष म्हणजे त्या आठवणीनं आता घास अडत नाही. जिंकलेल्या जासईवाल्यांनीही त्यांच्या सामन्यांना मलाच बोलावलं. कुंदनच्या डेपोत लोक आता त्याला 'कंट्रोलरचा पोरगा' म्हणतात. इतके महिने मी त्याचा बाप म्हणून या शहरात वावरत होतो, आता त्याची पाळी. गर्व करू नये म्हणतात, पण मी करतो आहे आणि मला शोभतो आहे.

बाकी क्षेम. लहानांना आशीर्वाद, मोठी तू एकटीच, तुला पुन्हा वाकतो तेवढा नमस्कार.

तुझा विठू
(हल्ली मुक्काम फलाट क्रमांक चार)

ता. क. शेंगाची चटणी संपली. सोनाबाईंनी चाखायला म्हणून घेतली आणि बरणी परत आली ती धुऊन.

ता. क. २. तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पाडव्याला मी येत नाही. त्या दिवशी गव्हाणला नव्या स्पर्धेचा अंतिम सामना आहे. खोलीत करडईची पोती पुन्हा ठेवायला हरकत नाही. रागावू नकोस. रागावलीस तर निदान फोन करून रागव, आणि या खेपेला लगेच ठेवू नकोस.

ता. क. ३. वरचं सगळं एका खऱ्या गोष्टीसाठी लिहिलं. संध्याकाळी मी पुकारलेली शेवटची सोलापूर गाडी घरी ऐकू आली की तू तवा चढवायचीस, कारण त्यानंतर मी निघायचो. माझ्या आवाजावर गाड्या सुटल्या असतील, पण भाकरी फक्त तुझी टाकली जायची. इथे सगळं मैदान ऐकतं, तरी सामना संपला की मी क्षणभर थांबतो. कुठे तवा चढला असेल असं वाटत नाही. तेव्हा पाडव्याआधी तू इकडे ये. रमेशला सांग, उमरग्याहून मुंबईकडे निघणाऱ्या गाडीत खिडकीची जागा धर म्हणावं. मी मनिषाशी बोलून ठेवलं आहे, तिनं एका घोषणेपुरता माइक द्यायचं कबूल केलं आहे. सोलापूर-पुणेमार्गे येणारी आमची गोदूअक्का फलाटावर येत आहे, एवढंच म्हणणार आहे. पनवेलला गाडी थांबली तरी घाई करू नकोस. माझा आवाज ऐकू आला की मगच उतर.