बिनवाराचं घर

औरंगाबाद,
१५ मे २०१६

चि. सावनीस आशीर्वाद.

मी बरा आहे, गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो. तुला एक विचारायचंय. फोनवर दरवेळी ओठांवर येतं आणि मी नाशकातला भाजीचा भाव विचारून फोन ठेवतो. म्हणून हे पत्र.

आधी पाण्याचं सांगतो. शहराच्या कडेच्या आपल्या सातारा परिसरात रोज नवी इमारत उठते, नळ मात्र अजून आलेला नाही. यंदा सगळी मदार टँकरवर, आणि टँकर आला की भांडणं. शेवटी वाटपाचं काम कॉलनीनं माझ्या गळ्यात घातलं, निवृत्त गणित मास्तर ना मी. मला काय, आयता वर्गच मिळाला. देवळाच्या ओट्यावर खडूनं डावीकडे घरं काढली, उजवीकडे वार, आणि बाण जोडत सांगितलं की याला गणितात फल, म्हणजे फंक्शन, म्हणतात. एका वाराला कितीही घरं चालतील, पण एका घराला दोन वार नाहीत आणि बिनवाराचं घर तर एकही नाही. अकरावीच्या पोरांपेक्षा लोकांनी शांतपणे ऐकलं. तसाच कागद टँकरवाल्या शफीकला दिला.

आठवडाभर टँकर दारावरून जात राहिला आणि मी म्हणत राहिलो, आपला वार उद्या असेल. शेवटी शफीकनंच विचारलं, "सर, तुमचं घर कुठंय ह्यात? नाय ना." सगळ्यांची घरं मांडली होती, आपलं सोडून. अख्खी कॉलनी हसली, मीही हसलो, पण ड्रम कोरडाच.

तेव्हा शेजारच्या कालिंदीताई कुंपणापाशी आल्या. औरंगपुऱ्यात शिवणक्लास घ्यायच्या, त्याच. म्हणाल्या, "सर, माझ्या गुरुवारात या. एका वाराला दोन घरं चालतात, तुम्हीच सांगितलंत ना."

त्याही एकट्याच. त्यांच्या वाट्यातलं अर्धं पाणी मी बादलीनं आणू लागलो. मग बादलीबरोबर चहा, चहाबरोबर भाकरी, आणि हल्ली गुरुवारची वाट बघायची गरज राहिलेली नाही.

सावनी, आम्हाला लग्न करायचंय. लिहिलं एकदाचं.

तुझी आई माझ्या मनातून जाणार नाही. फळ्यावर एका घटकातून दोन बाण निघाले की 'हा नुसता संबंध, फल नव्हे' म्हणत मी जन्मभर फुली मारली. आता माझ्यातूनच दोन निघालेत आणि एकही खोडवत नाही. कालिंदी म्हणते, खोडायचा कशाला? आईच्या फोटोचा हार आता तीच आणते.

मी सुखात आहे गं, या वयात लिहायला लाज वाटावी इतका. पण तुझ्या मनात नसेल तर हे इथंच थांबेल. तसं तिला सांगितलंय, आणि तिनं ते मान्यही केलंय.

फोन नको, येऊनच जा. तिच्या हातचं जेव, आणि मग काय ते माझ्या तोंडावर सांग.

तुझा, आणि तू हो म्हणालीस तर तिचाही,
बाबा