बसत नाही

३ मार्च, सोमवार
आले एकदाची. दुकान बघून जीव सुखावला. भिंतीला लागून सहा गुबगुबीत खुर्च्या, काचेचं काउंटर, मागे प्रत्येक कप्प्यावर सुवाच्य अक्षरात औषधाचं नाव. माझ्या आधीचा फार्मासिस्ट टापटिपीचा दिसतो. महिनाही पुरा न करता का गेला कोण जाणे. वरच्या दोन खोल्या आम्हा मायलेकींना राहायला दिल्यात. जिना आठच पायऱ्यांचा, त्यामुळे आई खूश. तिच्या हृदयाच्या गोळ्या आता माझ्या नोकरीच्या विम्यात बसतील, तोही घोर मिटला. तिचं कार्ड यायचंय, तोवर जुन्या गोळ्या आहेत.

काम सोपं आहे. चिठ्ठी बघायची, कार्डाचा नंबर संगणकावर टाकायचा, की विमावाल्यांचं उत्तर येतं. हिरवं म्हणजे ‘बसते’, लाल म्हणजे ‘बसत नाही’. हृदयाच्या, श्वासाच्या भारी औषधांचं लोखंडी कपाट संगणकालाच जोडलंय. हिरवं आल्याशिवाय उघडत नाही, रोख पैसे मोजले तरी, आणि ती औषधं गावात दुसरं कुणी ठेवतही नाही. लाल आलं तर ‘फेरविचार’ म्हणून एक बटण आहे, पण ते दाबलं की विमा कार्यालयाला फोन लावून अर्धा तास ताटकळायचं. मालकीणबाई म्हणाल्या, त्या फंदात पडू नका, रांग खोळंबते.

६ मार्च
गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना. एक बाई घरातल्या पाचही जणांची कार्डं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ज्याच्यात बसेल त्याच्यात बसवा. एका गृहस्थांना हृदयाची गोळी चालते पण तिचा रंग चालत नाही. मागच्या खेपेची गुलाबी होती म्हणे, आणि गुलाबी आता विम्यात बसत नाही. नाही म्हणतो विमा आणि बोलणी खाते मी. चोर सोडून संन्याशाला फाशी. नियम काय मी केलेत, हे वाक्य आज इतक्यांदा म्हटलं की आई म्हणाली, झोपेतसुद्धा तेच बडबडत होतीस.

१० मार्च
आज माझा तोल गेला. एक निवृत्त मास्तर श्वासाचा पंप न्यायला आले होते. लाल आलं. मागे ही रांग. त्यांनी नम्रपणे विचारलं, काहीच करता येणार नाही का? फेरविचाराचं बटण बोटाखाली होतं. मी दाबलं नाही. म्हटलं, नाही बसत मास्तर, नियम काय मी केलेत? तुम्ही आपले बसून घ्या जरा. त्यावर ते म्हणाले, औषध बसत नाही तर मी कसा बसू, मी उभाच राहतो. मला हसू आलं. दुकान बंद होईपर्यंत ते खुर्च्यांपाशी उभे होते. माणसं हट्टी असतात, दुसरं काय.

१३ मार्च
झालं तसं नीट लिहून ठेवते.

मास्तरांची सून उरलेली औषधं परत करायला आली होती. म्हणाली, सासरे सोमवारी घरी परतताना रस्त्यातच गेले. धाप लागली आणि बसले, ते बसलेच.

पण मास्तर मंगळवारी आले होते, आणि बुधवारीही. दोन्ही दिवस मी त्यांना बसा म्हटलंय. सून बोलत होती तेव्हा ते तिच्या मागेच उभे होते. तिने वळून पाहिलं. तिला फक्त खुर्च्या दिसल्या.

१४ मार्च
मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, आधीच्यालाही माणसं उभी दिसायची. तुम्ही लक्ष देऊ नका, आणि त्यांना बसायचा आग्रह तर मुळीच करू नका.

सकाळी अकरालाच तिघं उभी होती. रंगाचा हट्ट धरणारे गृहस्थ तिसरे. त्यांचं हृदय बंद पडल्याचं कळलं नव्हतं मला. कळणार कुठून? मी विचारलं होतं कधी?

१७ मार्च
मी नाही म्हटलेल्या सगळ्यांचे फेरविचार आज टाकले. अकरा. उशिरा सुचलेलं शहाणपण. वाटलं, हिरवं आलं की जातील. फोन कानाला लावून दिवस गेला. पलीकडे नुसतं संगीत.

दुकानात अकरा जण उभे आहेत. कुणी काही मागत नाही. रांग मात्र शिस्तीत.

१९ मार्च
आईचं कार्ड आलं. नंबर टाकला.

लाल.

लगेच फेरविचार दाबला. पडद्यावर आलं : तुमच्या आधी ११.

गोळ्या दोन दिवसांच्या उरल्यात. डॉक्टर म्हणतात, एक दिवसही चुकवायची नाही. इस्पितळात विचारलं, तिथेही हाच विमा, हेच लाल उत्तर. आईला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, चेहरा का उतरलाय. मी म्हणते, गिऱ्हाइकं.

२० मार्च
मास्तरांच्या पाया पडले. म्हटलं, माझ्या आईला पुढे जाऊ द्या, तुम्हाला आता काय त्याचं— असं म्हणायला नको होतं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, बाई, नियम काय मी केलेत?

कपाटावर हातोडी घातली. पोचासुद्धा आला नाही. फोनवर अजून संगीत—

२१ मार्च, सकाळ
शेवटची गोळी काल दिली. आता सरळ गाडी करून आईला मोठ्या शहरात नेणार. बॅग भरली. ती वर केस विंचरतेय. कार्ड तेवढं घ्यायला खाली आले—

पडद्यावर अजून ११.

रांगेकडे बघायचं नाही म्हटलं होतं. बघितलं. मोजले. चुकलं असेल. पुन्हा मोजले—

बारा.

शेवटचं कुणीतरी पाठमोरं. केस अर्धेच विंचरलेले.

नाही. ती वर आहे. आत्ता तर बोलली माझ्याशी. जिन्याकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, आई—

ओ आली.

वरून नाही. इथूनच, रांगेच्या