आईने पिसलेले पत्ते

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुतारकामाचा कारखाना काढायला तू नदीकाठची जागा विकत घेतोयस, असं आईने कळवलं. शनिवारी करार आहे म्हणे. त्याआधी हे पोचावं म्हणून हातातलं काम टाकून लिहिते. कामही आपल्याच नदीचं आहे.

आठवडाभर मला तहानभूक नाही. शंभरेक वर्षांच्या पाण्याच्या नोंदी घेतल्या आणि वर्षांचा क्रम पत्त्यांसारखा पिसला. खऱ्या क्रमात कोरडी वर्षं कोरड्यांना चिकटून आहेत, पुराची पुराच्यांना. पिसलं की हे घोळके मोडतात. कितीही वेळा पिसलं तरी मोडतात. म्हणजे नदी मागचं विसरत नाही. आमच्या कार्यालयात प्रत्येक वर्ष सुटं धरतात. साहेबांना अजून सांगितलेलं नाही, आधी तुला.

आई पत्ते कसे पिसते आठव. दोनदा वरचे खाली केले की झालं. मग एकाच्याच हातात सगळं बदाम. नदीही तसंच पिसते. तू गेल्या काही वर्षांचे नुसते कोरडे पत्ते बघून डाव मांडतोयस.

उत्तराकडे डोळे लावून,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

करार झाला नाही. मालकाची दाढ सुजली. तू जिंकलीस असं समजू नकोस.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, ताईंना नदीचं एवढं कौतुक, थोडं भावाच्या पोटाचंही असू दे. सध्याच्या खोलीत मोठी करवत उभी राहत नाही. नदीकाठच्या जागेतलं छप्पर उंच आहे.

आणि कोरड्यामागे कोरडंच येत असेल, तर पुढचंही वर्ष कोरडंच की. मग भीती कसली? गणिताच्या तासाला झोपणारा भाऊ विचारतोय.

रागावलीस तरी लिहीत जा.
धाकटा

२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कार्यालयात एकटीच हसत सुटले. तुझं बरोबर आहे. पुढचं वर्ष बहुधा कोरडंच जाईल. पण एकदा पाणी आलं, की तू गाळ उपसशील, यंत्रं पुसशील आणि आता कुठलं परत येतंय म्हणत तिथेच बसशील. सगळे तेच करतात. पूर एकटा येत नाही रे, बिऱ्हाड घेऊन येतो.

साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि स्वतः पिसून पाहिलं. आता पूर अडवायच्या बांधाची उंची नव्याने काढतोय.

जागा विकत घेऊ नकोस, भाड्याने घे. आणि पहिल्या पाण्यानंतर दुसऱ्याची वाट बघू नकोस. एवढं कबूल कर.

हट्टी भावाची हट्टी,
ताई

९ सप्टेंबर, दोन वर्षांनी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाणी आलं. भाड्याच्या जागेत करवतीच्या पायापर्यंत चढलं आणि उतरलं. आम्ही सगळे सुखरूप आहोत.

मालक म्हणतो, आता निर्धास्त राहा, असं पाणी पिढीत एकदाच. शेजारी भिंती रंगवायला लागलेत. मीही रंगाची बादली भरली होती. आई मदतीला आली होती. जरा टेकलो, तर तिने पत्ते काढले, पिसले, वाटले. मला ओळीने किलवर. पुढच्या डावातही किलवरच.

मी बादली ओतून दिली आणि टेम्पो बोलावला. टेकडीवर एक शेड मिळाली आहे. छप्पर बुटकं, करवतीसाठी भोक पाडावं लागणार. आईने विचारलं, एवढ्याशा पाण्याला घाबरलास? म्हटलं, पाण्याला नाही, तुझ्या पिसण्याला.

बांधाचं उरकलं की ये. पत्ते तू पिस. तुझा लोभ मात्र पिसू नकोस, तो आहे त्याच क्रमाने चालू दे.

धाकटा