घास मागणारं गाणं

अमरावती, ८ सप्टेंबर २०२५

ती. वच्छला आत्यास दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तर फोनवर अर्धंच राहिलं ते हे. तूच म्हटलं होतं ना, भुलाबाईचं गाणं कोणाच्या बापाचं नसते? म्हणूनच तुह्या आवाजातली बेचाळीस गाणी मी नेटवर टाकली आणि 'कोणीही घ्या, काहीही करा' या खान्यात टिक केली. कुलूप लावलं की गाणं मरते, आत्या. नागपूरच्या एका पोरीनं त्याच्यावर गिटार वाजवली, लय भारी. बाबा म्हणतात, फुकट दिलेल्याची कदर नसते. त्याइले तूच समजाव. माही मराठी कॉन्व्हेंटची, चुका काढत बसू नोको. माया आहे तेवढीच राहू दे, कमी नोको करू.

तुही दामिनी

अकोला, १७ सप्टेंबर

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

चुका चार निघाल्या, भेटीत सांगीन. शेजारच्या रश्मीनं मोबाइलवर एक गाणं ऐकवलं. आवाज माहा, मधात दम तुटते तोही माहाच. पण ते मी म्हटलंच नाही. मी म्हणते, 'सासूनं ठेवलं उपाशी, मी घास मागते'. त्यात होतं, 'मी हासून सोसते'. रश्मी म्हणे, काकू, किती गोड म्हटलं तुमी. कोण करून राहिलं हे, पाहजो. जेवण टाळू नोको.

तुही आत्या

अमरावती, २६ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

पाहिलं. एका कंपनीनं तुही गाणी मशीनले शिकवली. आता तुह्या आवाजात त्याइची तीनशे गाणी आहेत, रोज एक वाढते. मी तक्रार केली तर उत्तर आलं, परवानगीबद्दल आभार. मी टिक केली त्या खान्याखाली 'आवाजासकट' असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलंच नाही. अन् काल आपलं मूळ गाणंच नेटवरून काढलं. कारण दिलं, कंपनीच्या गाण्याची नक्कल. आपले वकील महादेवराव म्हणतात, एकच रस्ता आहे. गाणी तू एकटीनं रचली असं लिहून सही कर. मग हक्क तुहा, बाकी साऱ्याइले बंद. कागद सोबत आहे. मी टिक केली, राग माह्यावर काढ, पण बोलणं सोडू नोको.

दामिनी

अकोला, ५ ऑक्टोबर

चि. दामिनीस आशीर्वाद.

काल गल्लीतल्या पोरी भुलाबाई मांडून तिच्यापुढं गाणी म्हणाले जमल्या. मी सुरू केलं तर रश्मीची सहा वर्षाची खुशी म्हणे, "आजी, तुमचं चुकलं. हासून सोसते आहे ते." मंग साऱ्या पोरीयनं तेच म्हटलं. जिथं माहा दम तुटते, तिथंच त्याइनंही तोडला. मोबाइल कोणी लावलाच नव्हता.

तुह्यावर राग नाही. पण घास मागाची ओळ वलगावच्या सुंदराबाईनं जोडली, ते मी डोळ्यानं पाहिलं. बाकी ओळी कोणाकोणाच्या, देव जाणे. माया या कागदापाई आटणार नाही.

वच्छला

ता. क. सुंदराबाई अजून गाते. सही केली तर तिले तिचीच ओळ म्हणासाठी माही परवानगी लागन. नाही केली तर घास मागणारी पोरगी पुढच्या साली कोणाले आठवणार नाही. तू शिकलेली आहे, सांग, सही करू का?