बेबीचं टक्कल काळं पडलं तेव्हा

मोशी, गुरुवार

चि. हर्षालीस जयसिंगमामाचे आशीर्वाद.

आम्ही उभयता बरे आहोत. तुझा खोकला गेला का, चेन्नईत वेळेवर जेवतेस का, ते कळव. ट्रेनिंग संपेपर्यंत तू बेबीला आमच्याकडे ठेवून गेलीस, तिच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण फोनवर तू मधेच ओरडतेस. (आधीच सांगतो, ती जिवंत आहे.)

तळहाताएवढा कोळी सांभाळायचा म्हणजे आठवड्याला एक रातकिडा टाकायचा नि वाटीत पाणी ठेवायचं, एवढंच तू सांगितलं होतंस. पण तीन आठवड्यांपूर्वी बाईसाहेबांनी अन्न सोडलं. रातकिडा अंगावरून चालत गेला तरी ढिम्म. मग तिनं काचेच्या पेटीच्या तळाशी पांढरं जाळं चादरीसारखं अंथरलं, रंग विटला, आणि पोटावर केस झडून पडलेलं गुलाबी टक्कल काळं कुळकुळीत झालं. मी छत्तीस वर्षं भोसरीत प्रेस मशीनवर काढली; काळं पडलं म्हणजे आतून जळलं, एवढंच मला कळतं. मी टकलाला खोबरेल लावणार होतो (मामीनं बाटली लपवली).

मंगळवारी दुपारी पाहतो तर बेबी उताणी, आठही पाय पसरलेले. तुला सात फोन केले, पण तुमच्या कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करून घेतात. पहिल्या दिवसापासून 'हे ध्यान घरात नको' म्हणणारी तुझी मामी पदर डोळ्यांना लावून बसली. "अवं, पोरीनं इस्वासानं ठेवलं हुतं. आता तिला काय सांगायचं?" निदान सरळ तरी करावी म्हणून मी उलथनं आणलं. तेवढ्यात पहिली शिफ्ट संपवून आलेला शेजारचा भीमराज दारातूनच ओरडला, "मामा, हात लावू नका! मेलेला कोळी पाय पोटाशी आवळतो. ही कात टाकतीय!" त्यानं मोबाइलवरून वाचून दाखवलं. उपास, जाळ्याची चादर, विटलेला रंग, सगळी त्याचीच लक्षणं. टक्कल काळं दिसतं ते आत नवी कातडी तयार झाल्यामुळे. अशा वेळी अंग इतकं मऊ असतं की धक्का लागला तरी जीव जातो, आणि रातकिडासुद्धा तिला कुरतडू शकतो.

रातकिडा तर आतच होता. मी अजून उलथनं धरूनच उभा. मामीनं स्वयंपाकघरातून चिमटा आणला, श्वास रोखला आणि त्याला अलगद उचलून बाहेर काढलं. मग आम्ही तिघं पेटीसमोर बसलो. मामीनं कुकरसुद्धा लावला नाही, शिट्टीनं दचकेल म्हणून. दिवेलागणीला बेबी जुन्या कातडीतून एकेक पाय ओढत बाहेर आली, फिकट आणि दमलेली. खोटं कशाला सांगू, मला हुंदका आला. भीमराज म्हणतो, आता दहा दिवस खायला द्यायचं नाही.

हे पत्र त्याच्याच मोबाइलवरून फोटो काढून पाठवतोय.

तुझा,
जयसिंगमामा

ता. क. तू आईला कोळ्याचं काही सांगितलेलं नाहीस, हे मला काल ताईचा फोन आल्यावर कळलं. 'पोरीनं तुमच्याकडे काय ठेवलंय' असं तिनं विचारलं, आणि गडबडीत मी ससा म्हणालो. रविवारी ताई दोन किलो गाजरं घेऊन ससा बघायला येतेय. शनिवारच्या आत तिला खरं काय ते सांग. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. मामी म्हणते, सांगताना आईची फार समजूत काढत बसू नकोस. तिनं बेबीला घरात घेणार नाही म्हटलं, तर आमची काही हरकत नाही. जमलं तर जरा राग येईल असंच सांग.