दुसरी पार्टी आहे म्हणे

४ मार्च
घर पसंत. तळमजला, दारात एकही पायरी नाही. बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर आत जाते, हे हिने टेप लावून पाहिलं. सासरे महिनाअखेर हॉस्पिटलमधून घरी येणार. अर्धांगवायूचा झटका, डावा पाय अजून उचलत नाही. आमचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ही म्हणाली, आता हेच. मी मालकाच्या आकड्यापेक्षा बराच कमी सांगितला. सुरुवात अशीच करायची असते.

६ मार्च
एजंटचा फोन. दुसरी पार्टी आलीय म्हणे, आपल्यापेक्षा जास्त द्यायला तयार. मनातल्या मनात हसलो. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात उभी हयात गेली माझी. खोटं मला वासावरून कळतं. कोण पार्टी, म्हणून विचारलं. नाव सांगता येत नाही म्हणाला. झालं! असेल तर सांगेल ना.
संकल्प : आकडा वाढवायचा नाही.

७ मार्च
हिचं म्हणणं, पार्टी खरी असली तर? एजंट लोक कसे खेळवतात ते तिला सविस्तर समजावलं. मध्येच गॅस बंद करायला म्हणून उठली. गॅस चालू नव्हता.

१० मार्च, ऑफिस
पुन्हा फोन. मालकाला शुक्रवारपर्यंत निर्णय हवाय. मी म्हटलं, त्या पार्टीला माझ्यासमोर उभं करा. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, साहेब, तसं नाही करता येत, पण घर हवं असेल तर थोडं वर या. ते गप्प होणं नोंद करण्यासारखं. खोटं बोलणारा आधी थांबतो.
थोडं वर आलो. संकल्प मोडला असं नाही. हिच्या समाधानासाठी.

११ मार्च
लंच टाइममध्ये घरावर पाळत ठेवायला गेलो. दार उघडं. आत एक बाई पडद्यांसाठी खिडक्या मोजत होत्या! म्हणाल्या, आम्हीही या घराच्या मागे आहोत. लगेच ओळखलं. एजंटनेच उभी केलेली. ॲक्टिंग मात्र फर्स्टक्लास. सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं हेसुद्धा विचारलं. मी हसून म्हटलं, बाई, तुमच्या एजंटला सांगा, माझा शेवटचा आकडा अमुक, त्यावर दमडीही नाही. त्या थँक यू म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा थँक यू. पुढे काय बोलायचं ते शिकवलं नसावं बिचारीला.

१४ मार्च, शुक्रवार
दिवसभर फोन नाही. एजंटचा धीर सुटला. हिला म्हटलं, सामान बांधायला घे. हिने बांधायला घेतलं नाही.

१५ मार्च
एजंट स्वतः ऑफिसात आला. घर गेलं. बाईंनी माझ्या आकड्याच्या जेमतेम वर आकडा दिला. एवढा नेमका कसा, मी विचारलं. म्हणाला, त्यांना घरात कुणी भले गृहस्थ भेटले होते.
माझ्याकडे बघून बोलला नाही. टेबलावरच्या फायलींकडे बघत होता. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. चहा घेणार का विचारलं. नको म्हणाला.
हिला फक्त एवढंच सांगितलं, जमलं नाही.

२९ मार्च
सासऱ्यांना आणलं. खुर्चीत बसवून मेहुणा आणि मी उचलून वर. दुसऱ्या मजल्यावर दम खाल्ला. सासरे म्हणाले, माझ्यामुळे तुम्हा पोरांना फार त्रास. मेहुणा म्हणाला, त्रास कसला बाबा. मला बोलायला श्वास नव्हता.
रात्री ही म्हणाली, एजंटचा मला फोन आला होता. मालकाने घर नात्यातल्या कुणाला तरी दिलं, साहेबांनी शेवटपर्यंत खूप प्रयत्न केले, त्यांना बोल लावू नका, असं म्हणाला. किती सरळ माणूस. आणि तुम्ही त्याच्यावर संशय घेतलात. एकदा जाऊन माफी मागून या.
मी म्हटलं, जाईन.