पंचाच्या बुटामागे धावलेलं यंत्र

जळगाव, मार्च १९९८

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

नागोयाच्या यंत्रमानव फुटबॉल स्पर्धेची तुझी कॅसेट पाहिली. तुमचं यंत्र आधी केशरी चेंडू सोडून पंचाच्या लाल बुटामागे धावलं. मी हसलो. मग ते आपणच थांबलं, वळलं आणि चेंडूकडे गेलं. तुझी आई ओरडली, "कोनी हाकत नही, तरी चालस ना ते!" आणि मीठमोहऱ्या आणून तिने टीव्हीची दृष्ट काढली. निर्जीवाला दृष्ट लागत नाही, असं सांगून पाहिलं. "मन्ही पोरनी करेल शे. गप बठा!"

बसलो. तीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण आपली चूक ओळखून असा वळणारा शिष्य मिळाला नाही. हा गुरुजीही कधी तसा वळला नाही. 'खेळणी करायला परदेशी जातेस, तर या घरी परत येऊ नकोस,' असं तुला म्हणालो, त्याला तीन वर्षं झाली. लेकरांकडून हरण्यात सुख असतं, हे सुभाषित मात्र दरवर्षी वर्गात समजावतो.

आखाजीच्या सणाला गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी येतात. हे पत्र काही माझ्याने टाकवणार नाही. पोस्टात दोनच ओळी जातील: आखाजीला घरी ये. यंत्रालाही आण.

तुझे,
नाना